मुदतवाढ

महाराष्ट्रात 'डीजे' म्हणजे माणूस नव्हे. डीजे म्हणजे ट्रक. त्या ट्रकवर कपाटाएवढे स्पीकर एकावर एक रचलेले असतात, मागे जनरेटर धडधडत असतो, आणि वरातीतला नवरदेव, मिरवणुकीतले गणपती आणि रस्त्यालगतच्या खिडक्यांची तावदानं या तिघांची त्यापुढे सारखीच अवस्था होते. 'डीजे आला' असं कोणी म्हटलं की आपण स्वागताला उठत नाही, खिडकी लावायला उठतो. हा शब्द मुळात 'डिस्क जॉकी' नावाच्या मनुष्यप्राण्यासाठी होता, त्याला हातपाय, आईबाप आणि क्वचित पगारही असे, हे आमच्या आळीत शपथेवर सांगितलं तरी कोणाला पटायचं नाही.

आता मी बँकेतला क्लार्क, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय चाळिशीच्या उतारावर. गाण्यातलं मला कितपत कळतं, या प्रश्नावर आमच्या घरात एकमत आहे. ज्याला गॅसवरचं दूध उतू जाताना ऐकू येत नाही त्याच्याशी गाण्याबद्दल काय बोलायचं, असं सौभाग्यवती म्हणतात. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या भाच्याने आमच्या आतल्या खोलीत एक लॅपटॉप, दोन स्पीकर आणि एक हेडफोन एवढ्या भांडवलावर 'क्लब मिक्स' करण्याचा उद्योग मांडला, आणि भिंत एकच असल्यामुळे मीही त्यात भागीदार झालो. एकच ओळ संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत ऐकल्यावर मी दार वाजवून विचारलं, "अरे, नक्की करतोयस काय?"

"साडेतीन मिनिटांचं गाणं आहे मामा, ते आठ मिनिटांचं करतोय. हाय-एनर्जी."

"म्हणजे मुदतवाढ," मी म्हणालो.

त्याला ते फारसं आवडलं नाही. पण बावीस वर्षं काउंटरवर बसलेल्या माणसाला याहून चांगला शब्द सुचणार नाही. मुदत ठेवीची तारीख भरली की आमच्याकडे एक गृहस्थ पावती घेऊन येतात. पैसे काढायचे नसतात. पैसे आहेत एवढंच बघायचं असतं. चष्मा पुसून, पावती उलटसुलट करून, "पुढे चालू ठेवा" म्हणतात आणि दोन मिनिटं पंख्याखाली बसून जातात. मुद्दल तेच, तारीख नवी. भाचा दुसरं काय करत होता? फरक इतकाच, की आमच्या गृहस्थांना हेडफोन लागत नाही. तेव्हा गाण्याला मुदतवाढ देण्याचा हा धंदा पहिल्यांदा कोणी आणि का सुरू केला, याची मी रीतसर चौकशी केली. आमच्या खात्यात चौकशी म्हटली की फाईल उघडावी लागते. ती उघडली आणि तिच्यात अपेक्षेपेक्षा बरंच काही निघालं.

पहिली गोष्ट, गाणं साडेतीन मिनिटांचंच का असतं हे गवयाला विचारू नये, तबकडीला विचारावं. ७८ फेऱ्यांच्या जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांहून फारसं मावत नसे. म्हणून आपल्या थोर थोर गवयांनी तासाभराचा ख्याल तीन मिनिटांत उरकला, आणि वर शेवटी स्वतःचं नाव सांगायलाही वेळ काढला. पुढे ४५ फेऱ्यांची सात इंची रेकॉर्ड आली, तरी अडचण तीच राहिली. गाणं लांबवावं तर खाचा बारीक आणि एकमेकींना खेटून कोराव्या लागतात. आणि पोटात धप्प करणाऱ्या खालच्या स्वरांना तर ऐसपैस जागा लागते. जागा कमी पडली की ढोलाचा डबा होतो. पासबुकात एकाच ओळीवर दोन नोंदी छापल्या गेल्या की जे होतं, तेच हे.

आपल्याकडच्या संगीत नाटकवाल्यांना ही अडचण कधी आली नाही. त्यांच्याकडे 'वन्समोअर' होता. पिटातून एक आरोळी ठोकली की बालगंधर्व पुन्हा पहिल्यापासून सुरू, आणि अशा आठ-दहा आरोळ्यांनंतर नाटक सुटायला पहाट व्हायची. पण नाचघरात गायिका नसते, रेकॉर्ड असते. तिला वन्समोअर ऐकू येत नाही. ती साडेतीन मिनिटांनी थांबते म्हणजे थांबते, आणि रंगात आलेली माणसं मधल्या शांततेत बसस्टॉपवर उभी राहिल्यासारखी उभी राहतात.

नेमकी हीच शांतता एका माणसाला सहन झाली नाही. न्यूयॉर्कजवळ फायर आयलंड नावाचं लांबट बेट आहे. १९७० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत तिथल्या एका नाचाच्या ठिकाणी टॉम मोल्टन नावाचा गृहस्थ गेला. तो डीजे नव्हता आणि वादकही नव्हता. रेकॉर्ड कंपन्यांत खपाची कामं केलेला आणि पुढे मॉडेल म्हणून फोटो काढून घेणारा देखणा माणूस. नाचणारे बहुतेक समलिंगी पुरुष होते. शहरात ज्यांना एकमेकांचा हात धरायची चोरी, ती मंडळी शनिवार-रविवारपुरती या बेटावर येत. त्यांना सोमवारची किती घाई असेल, हे मला कोणी समजावून सांगायला नको. मी बँकेत आहे. मोल्टनने पाहिलं की माणसं ऐन रंगात येतात आणि तेवढ्यात गाणं संपतं. तो घरी गेला आणि पंचेचाळीस मिनिटं न थांबता वाजणारी एक टेप बनवायला बसला. तिला ऐंशी तास लागले.

मी लगेच हिशेब केला. ऐंशी तास म्हणजे ४,८०० मिनिटं, भागिले पंचेचाळीस. एक मिनिट नाचण्यासाठी एक तास सेहेचाळीस मिनिटं आणि वर चाळीस सेकंद खर्च. कुठल्याही कर्ज समितीने हा प्रस्ताव फेटाळला असता. पहिल्या रात्री ती टेप नाचणाऱ्यांनाही आवडली नाही म्हणतात. दुसऱ्या रात्री मात्र लोक तिच्यावर इतके खूष झाले, की मध्यरात्र उलटल्यावर मोल्टनला कळवणारा फोन आला.

या मुदतवाढीचं हत्यार म्हणजे दाढीचं ब्लेड. हे वाचून मला त्या मंडळींबद्दल एकदम आपुलकी वाटली. स्टुडिओतली टेप सेकंदाला पंधरा इंच या वेगाने धावते. मिनिटाला सव्वाशे ठोक्यांचं गाणं धरलं तर एक ठोका म्हणजे सव्वासात इंचांना थोडी कमी टेप. ढोलाचा तुकडा लांबवायचा तर आधी त्याच्या दुसरीकडे प्रती काढायच्या. मग रीळ हाताने मागेपुढे करून ठोक्याची नेमकी सुरुवात कानाने शोधायची, पेन्सिलीने खूण करायची, तिरपा छेद द्यायचा, आणि टोकाला टोक लावून वर चिकटपट्टी. पाव इंच चुकलं तर नाचणाऱ्याचा पाय अधांतरी. आमच्याकडेही फाटकी नोट चिकटवून आणणारे येतात. तिच्या दोन्ही तुकड्यांवरचे नंबर जुळतात का ते आम्ही बघतो. इथे नंबर बघणारे शेकडो पाय होते, आणि त्या पायांना रिझर्व्ह बँकेचे नियम लागू नव्हते.

पुढचा पराक्रम टंचाईतून झाला. मोल्टन एक गाणं तबकडीवर कोरून घ्यायला होसे रॉड्रिग्ज या तंत्रज्ञाकडे गेला, तर सात इंची कोऱ्या तबकड्या संपलेल्या. स्टेशनरी संपली म्हटलं की आम्ही गिऱ्हाइकाला उद्या या म्हणतो. रॉड्रिग्जने दहा इंची तबकडी काढली. तिच्यावर ते एवढंसं गाणं कडेलाच बसलं, उरलेली तबकडी कोरी. मोठ्या पातेल्यात वाटीभर भात घेतल्यासारखं दिसायला लागलं. मोल्टन म्हणाला, खाचा पसरून कोर. पसरल्या, आणि आवाज असा काही भरदार आला की पुढच्या वेळी त्यांनी बारा इंची तबकडीच घेतली. बारा इंची सिंगल म्हणून पुढे जी जगभर गाजली ती अशी, सात इंची संपल्यामुळे जन्माला आली.

१९७५ साली मोल्टनने ग्लोरिया गेनरच्या अल्बमची एक अख्खी बाजू तीन गाणी जोडून सलग केली. तिच्यात वाद्यं इतकी ऐसपैस पसरली, की ऐकून झाल्यावर ती बाई म्हणाली, मी तर यात फारसं गातच नाही. हे मोल्टननेच सांगून ठेवलंय. पुढल्या वर्षी वॉल्टर गिबन्स या डीजेने डबल एक्सपोझर या मंडळींचं 'टेन पर्सेंट' नऊ मिनिटांच्या पलीकडे नेलं, आणि सॅलसोल कंपनीने बारा इंची रेकॉर्ड पहिल्यांदा दुकानात सर्वांसाठी विकायला ठेवली. नावाने ते गाणं आमच्याच खात्यातलं वाटतं. दहा टक्के! हल्ली कोण देतं.

इथवर मुदतवाढ झाली. 'हाय-एनर्जी'चा अजून पत्ता नाही. ती आली जर्मनीतून. म्युनिकमध्ये एका हॉटेलाच्या तळघरात म्युझिकलँड नावाचा स्टुडिओ होता. १९७७ साली जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट ही जोडी तिथे डोना समर या गायिकेबरोबर एक अल्बम करत होती. त्याची कल्पना अशी, की एकेक गाणं गेल्या एकेका काळाच्या थाटाचं आणि शेवटचं गाणं भविष्यकाळाचं. भविष्यकाळात वादक नसणार असं गृहीत धरून त्यांनी एक अवाढव्य मूग सिंथेसायझर मागवला. टेलिफोन एक्स्चेंजसारखा दिसणारा, वायरींच्या गुंत्याने भरलेला. रॉबी वेडल नावाच्या तंत्रज्ञाने त्याला अशी काही युक्ती केली की प्रत्येक सूर आधीच्या सुरावर अगदी घड्याळासारखा बसावा. यंत्र घड्याळासारखं चालत होतं खरं, पण सुरात राहत नव्हतं. अर्धा मिनिट वाजवलं की बेसूर. पुन्हा लावायचं, पुन्हा अर्धा मिनिट. भविष्यकाळ असा हप्त्याहप्त्याने ध्वनिमुद्रित झाला. आणि ढोलाचा ठोका काही केल्या त्या यंत्राला दमदार जमेना. तेव्हा कीथ फोर्सी या माणसाला बसवून नुसता पायाचा ढोल वाजवून घेतला. भविष्यकाळातही एका माणसाची नोकरी शाबूत राहिली, हे वाचून बरं वाटलं.

ते गाणं म्हणजे 'आय फील लव्ह'. त्यातल्या खालच्या सुराची गंमत अशी, की प्रत्येक सुराचा लगेच एक प्रतिध्वनी येतो. एक सूर एका कानात, त्याची सावली दुसऱ्या कानात, त्यामुळे चाल होती त्याच्या दुप्पट धावते. पुढच्या हाय-एनर्जी गाण्यांत तर हा खालचा सूर सरळ उड्याच मारतो. ठोक्यावर खालचा 'सा', दोन ठोक्यांच्या मध्ये वरचा 'सा'. हे मला वाचून कळलं नाही. नोकरीतले पहिले दिवस आठवले तेव्हा कळलं. व्हाउचरच्या गठ्ठ्यावर शिक्के मारताना पॅडवर टप्, कागदावर ठप्, पॅडवर टप्, कागदावर ठप् असं चालायचं. आमचे तेव्हाचे हेडक्लार्क तंद्री लागली की मिनिटाला शंभराच्या खाली येत नसत. त्यांची मान हलायची, ओठ मुडपलेले असायचे, आणि मधे कोणी "साहेब, माझा चेक" म्हटलं तर त्यांना ऐकू जायचं नाही. त्यांना संगीत आवडत नसे.

आता फाईलमधलं मुख्य पान. पॅट्रिक काउली, जन्म १९५०, गाव बफेलो. एकविसाव्या वर्षी तो सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि सिटी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक संगीत शिकला. पोटासाठी एका नाचघरात दिव्यांची व्यवस्था बघायचा. म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यावर दिवे उघडझाप करायचं काम. त्याच नाचघरात सिल्व्हेस्टर नावाचा गवई यायचा. लॉस एंजेलिसच्या चर्चमध्ये लहानपणी भक्तिगीतं गाऊन तयार झालेला गळा. आवाज पट्टीच्या वर, अंगावर झगमगीत बायकी पोशाख, आणि याबद्दल कोणाची क्षमा मागायची सवय नाही. 'यू मेक मी फील (माइटी रिअल)' हे त्याचं गाणं मुळात संथ, प्रार्थनेच्या वळणाचं होतं. काउलीने त्याची तालीम ऐकली आणि म्हणाला, यात मी थोडा सिंथेसायझर वाजवू का? त्या 'थोड्या'ने १९७८ साली ते गाणं जगभर गेलं. दिवेवाल्याची बढती झाली.

त्याच वर्षी काउलीने 'आय फील लव्ह'ला हात घातला. त्याला ना कोणी सांगितलं होतं, ना कोणी परवानगी दिली होती. स्टुडिओतला माणूस मुदतवाढ करतो तेव्हा त्याच्यापुढे गाण्याचे सगळे धागे सुटे असतात. आवाज वेगळा, ढोल वेगळा. काउलीकडे सुटे धागे नव्हते. विणून तयार झालेलं कापडच त्याच्या हाती होतं. त्याने त्यातला खालच्या सुराचा तुकडा शोधला, टेपवर घेतला, त्याची दोन टोकं जोडून वर्तुळ केलं, आणि ते फिरत ठेवून वर आपल्या सिंथेसायझरने स्वतःचं काम सुरू केलं. शिट्ट्या, फवारे, पातेल्यात गोट्या पडाव्यात तसे आवाज, दुरून येणारी कसलीशी घंटा. डोना समर मध्येच निघून जाते आणि इतका वेळ येत नाही, की बाई घरी गेली असं वाटावं. मग ती येते. अल्बमवर जेमतेम सहा मिनिटांचं असलेलं गाणं पावणेसोळा मिनिटांचं झालं. सव्वाशेने गुणलं तर दोन हजारांना थोडे कमी ठोके. मी ते रात्री स्वयंपाकघरात, भाच्याचा हेडफोन घालून, उभ्याने ऐकलं. बसावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्यालाही ऐकवलं. त्याने डोळे मिटून पाचेक मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "मामा, फार स्लो आहे." त्याचं गाणं मिनिटाला १३८ ठोक्यांवर चाललं होतं. सगळं पहिल्या मिनिटापासून जोरात. ढोल जोरात, शिट्ट्या जोरात, गाणारी मुलगी तर मांजराच्या पिलासारखी बारीक झालेली. त्याला मी ३१ मार्चची संध्याकाळ समजावून सांगितली. त्या दिवशी आमच्या शाखेत वेग प्रचंड असतो. कोणी जेवत नाही, सगळे धावतात, प्रिंटर ओरडतो. पण त्याला कोणी 'एनर्जी' म्हणत नाही, मॅनेजरसाहेबही नाही. काउली काय करतो बघ, म्हटलं. तो काढून घेतो. ढोल काढतो, बाईला काढतो, तुला नुसत्या त्या टप्-ठप्वर टांगून ठेवतो. आणि परत देतो तेव्हा तू दिलेल्यापेक्षा जास्त मिळाल्यासारखं वाटतं. हे व्याज आहे. भाचा "बघतो" म्हणाला. रात्री भिंतीतून ढोल ऐकू यायचा थांबला. मी घाबरून उठलो. पण सोळा मोजेपर्यंत तो परत आला.

काउलीच्या त्या मुदतवाढीच्या मोजक्याच प्रती डीजेंच्या हातोहात फिरत राहिल्या. १९८० साली ती वर्गणीदार डीजेंपुरत्या निघणाऱ्या डिस्कोनेट या मालिकेत आली, तरी दुकानात नाहीच. मधल्या काळात डिस्कोवरच संक्रांत आली होती. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात दोन बेसबॉल सामन्यांच्या मध्ये डिस्को रेकॉर्डांचा ढीग दारूगोळा लावून उडवण्यात आला. एक रेकॉर्ड घेऊन या, ९८ सेंटमध्ये आत या, अशी योजना. लोक इतके आले आणि स्फोटानंतर मैदानात इतके घुसले, की दुसरा सामना खेळताच आला नाही आणि तो यजमान संघाने हरल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे सामना पावसाने वाया जातो. रेकॉर्डांनी वाया गेलेला माझ्या माहितीत हा एकच. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरवली. म्हणजे नाचणारे थांबले असं नव्हे. शाखा बंद झाली म्हणून गिऱ्हाईक पैसे जाळून टाकत नाही, पतपेढीत जातं. १९८१ साली काउलीने मार्टी ब्लेकमन या मित्राबरोबर मेगाटोन नावाची छोटी कंपनी काढली. त्याचं स्वतःचं 'मेनर्जी' त्याच वर्षी अमेरिकेतल्या नाचगाण्यांच्या यादीत पहिलं आलं.

त्या वर्षाच्या अखेरीस सिल्व्हेस्टरबरोबर दक्षिण अमेरिकेचा दौरा करून तो परतला तो आजारीच. बाहेरचं काही खाल्लं असेल, असं आधी वाटलं. बाधेवरची औषधं झाली, मग न्यूमोनिया, मग इस्पितळ. डॉक्टरांना निदान होईना. करणार तरी कसं. असे पहिले पाच रुग्ण लॉस एंजेलिसला आढळल्याची सरकारी नोंद ५ जून १९८१ ची, म्हणजे रोगालाच अजून नाव नव्हतं. आमच्याकडे नाव नसलेल्या रकमा 'सस्पेन्स' खात्यात टाकतात. कुठल्या खात्यात घालायच्या ते कळेपर्यंत त्या तिथे पडून असतात. हा माणूस वर्षभर तसा होता. त्याही अवस्थेत १९८२ साली त्याने सिल्व्हेस्टरबरोबर 'डू या वॉना फंक' केलं आणि 'माइंड वॉर्प' नावाचा शेवटचा अल्बम पुरा केला. त्याच वर्षी डोना समरच्या कंपनीला जाग आली, आणि चार वर्षं चोरून वाजणारी ती पावणेसोळा मिनिटं इंग्लंडात रीतसर बारा इंची रेकॉर्ड म्हणून निघाली. तिथल्या यादीत एकविसाव्या क्रमांकापर्यंत चढली. सप्टेंबरात रोगाला एड्स हे नाव मिळालं. १२ नोव्हेंबरला काउली गेला. वय बत्तीस.

सिल्व्हेस्टर तेव्हा लंडनला, चेरिंग क्रॉस स्टेशनखालच्या 'हेवन' या नाचघरात गायला आला होता. बातमी तिथेच कळली. तो रंगमंचावर आला, लोकांना ती सांगितली, आणि 'डू या वॉना फंक' गायला. त्या रात्री तिथे नाचणाऱ्यांपैकी किती जण पुढची दहा वर्षं पाहू शकले, याचा हिशेब मी केला नाही.

ज्या साली हे घडत होतं त्याच साली आपल्या मुंबईत चरणजीत सिंग नावाचे वादक तीन जपानी यंत्रं घेऊन ध्वनिमुद्रण करत होते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षं वाजवलेले गृहस्थ. त्यांनी भैरव, ललित, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले, आणि एचएमव्हीने ती रेकॉर्ड काढली. यंत्र एकच ठेका धरून बसलेलं, खालचा सूर गोल गोल फिरतोय, आणि वर राग. ऐकलं की वाटतं, काउली आणि हे एकाच स्टँपपॅडवरून शिक्के मारताहेत. एकमेकांचं नावही ऐकलं नसेल. रेकॉर्ड कोणी फारशी घेतली नाही. २०१० साली ती परदेशातून पुन्हा निघाली तेव्हा लोक थक्क झाले, आणि सत्तरीतले चरणजीत सिंग परदेशी तरुणांपुढे मालकंस वाजवून आले. २०१५ साली ते मुंबईतच वारले. व्याज उशिरा जमा झालं, पण खातेदार हयात असताना झालं. आमच्या नोकरीत हे फार वेळा बघायला मिळत नाही.

लंडनचं पुढचं पान मी भरभर उलटतो. हेवनमधला डीजे इयन लेव्हीन याने १९८४ साली एव्हलिन टॉमसकडून 'हाय एनर्जी' नावाचंच गाणं गाऊन घेतलं. मार्च १९८५ मध्ये डेड ऑर अलाइव्हचं 'यू स्पिन मी राउंड' इंग्लंडात पहिलं आलं आणि ते करणाऱ्या स्टॉक-एटकेन-वॉटरमन या त्रिकुटाने मग असा काही कारखाना काढला, की गाणी डझनाने निघू लागली. माल चोख होता. पण मी तो काउलीनंतर लगेच ऐकला, हा माझा दोष नाही, क्रमाचा आहे.

सिल्व्हेस्टर १६ डिसेंबर १९८८ ला त्याच रोगाने गेला. त्याच्या मृत्युपत्राबद्दल वाचताना मी खुर्ची पुढे ओढली. गाण्यांची पुढे येईल ती सगळी रॉयल्टी त्याने सॅन फ्रान्सिस्कोतल्या दोन संस्थांच्या नावे करून ठेवली होती. एक एड्सच्या रुग्णांना अडीनडीला पैसे देणारी, दुसरी त्यांच्या घरी शिजवलेलं जेवण पोहोचवणारी. अडचण एवढीच, की रॉयल्टीवर त्याने हयातीत बरीच उचल करून ठेवली होती. हातात पैसा टिकणाऱ्यातला तो नव्हता. तेव्हा नियमाप्रमाणे आधी उचल वळती व्हायला लागली. बरीच वर्षं ती दोन नावं रांगेत उभी होती. पण गाणं बंद पडलं नाही. कुठे लग्नात, कुठे सिनेमात, कुठे कोणी नव्याने मुदतवाढ करून, दर वेळी थोडे थोडे पैसे जमा होत गेले, बाकी खाली खाली येत शून्यावर आली, आणि त्यानंतरची रक्कम त्या जेवणाच्या डब्यांकडे गेली.